दम आधी येतो, शीर मागून: दुखापतीनंतर घोडी पुन्हा कामाला लावताना

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आमची घोडी नाल्यावरून पाणी पिऊन परत येत होती. पांदणीत बंडीच्या चाकांनी पाडलेली चाकोरी वरून वाळलेली, आतून ओली. डावा पुढचा पाय तिच्यात रुतला. घोडी झटक्यानं पुढे गेली आणि पाय मागे राहिला. संध्याकाळपर्यंत नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागच्या बाजूला केळ्यासारखा फुगवटा आला होता.

डॉक्टरांनी थंड पाणी, पट्टी आणि आराम सांगितला. आम्ही तो नीट पाळला. अडीच महिन्यांनी तुळशीचं लग्न आलं, तोवर सूज गेलेली, लंगडणं गेलेलं, घोडी कोठ्यात उड्या मारत होती. वरातीचे फोन सुरू झाले. शेजारचे म्हणाले, "मस्त चालून राह्यली नं भाऊ, आता काहून बांधून ठेवता?" मलाही तेच ऐकायचं होतं. पहिली वरात घेतली. डांबरी रस्ता, डीजे, पाऊण तास चालणं आणि तासभर नाचणं. रात्री घोडी ठणठणीत होती. पहाटे हात लावला तर तीच जागा गरम, आणि दाबली तर बोटाची खूण राहत होती. त्या हंगामात दुसरी वरात झाली नाही. पुढचे दहा महिनेही गेले.

हे सगळं त्या दहा महिन्यांत, डॉक्टर आणि नालबंद यांच्या मागे लागून शिकलेलं आहे. तुमच्याकडे वरातीची घोडी असो, टांग्याचं जनावर असो की सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या घोडेबाजारातून हौसेनं आणलेला मारवाडी घोडा, पायाचा हिशेब सगळ्यांचा सारखाच.

बरं दिसणं आणि बरं असणं

आराम करून उठलेल्या घोड्याच्या अंगात सगळ्या गोष्टी एकदम परत येत नाहीत. दम काही आठवड्यांत येतो. स्नायू त्याच्या मागोमाग भरतात. हाड आणि कंडरा, म्हणजे नळीमागची ती दोरीसारखी शीर, मात्र महिने घेतात. त्यामुळे मधला एक काळ फार फसवा असतो. घोडी उसळते, लगाम ओढते, धावायला मागते, आणि पाय अजून तिच्या अंगातल्या जोराला पुरा पडत नाही. माझी चूक नेमकी याच काळात झाली.

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, कंडरा, सांधे बांधणारे बंध आणि वर कातडी, एवढंच. कंडरेला रक्त कमी मिळतं, म्हणून ती सावकाश भरते. आणि भरते तेव्हा आधी कच्चे धागे तयार होतात, कसेही आडवेतिडवे पडलेले. अंबाडी ज्यांनी सोलली आहे त्यांना हे लगेच कळेल. भिजवून सोललेल्या वाकाचा नुसता पुंजका हातात घेतला तर तो बैल धरून ठेवत नाही. धागे सरळ करून पीळ दिला की त्याचाच दोर होतो. कंडरेतल्या धाग्यांना ही सरळ दिशा रोजच्या मोजक्या चालण्यानं मिळते. म्हणून महिनोनमहिने नुसतं बांधून ठेवणं चुकीचं, आणि लवकर पळवणं त्याहून चुकीचं.

किती दिवस लागतील ते दुखापतीवर ठरतं. खुरात पू झाला असेल तर तो निघाल्यावर आठ-पंधरा दिवसांत घोडं बहुधा चालतं. स्नायूचा साधा ताण दोन ते सहा आठवडे घेतो. नळीमागची मोठी शीर फाटली असेल तर नऊ ते बारा महिने धरा. हाडाला चीर असेल तर एक्स-रे आणि डॉक्टर सांगतील तेच वेळापत्रक, त्यात आपला अंदाज चालवायचा नाही.

काम सुरू करण्याआधी पशुवैद्यकाकडून पाय तपासून घ्या. शिरेची दुखापत असेल तर सोनोग्राफी झाली पाहिजे, कारण आतली फट बाहेरून हाताला लागत नाही. तालुक्याला ही सोय नसेल तर १९५८ पासूनचं नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था या आपल्याकडच्या दोन मोठ्या जागा. दोन्ही माफसूच्या, म्हणजे नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या. घोडं टेम्पोत चढवण्याआधी मशीन आणि डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे फोनवर विचारा. दुखऱ्या पायानं शे-दीडशे किलोमीटर उभं राहणं हीसुद्धा त्या पायाला मेहनतच आहे. गावात तातडीनं डॉक्टर हवा असेल तर फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा नंबर आहे.

पहाटेचा हात

एवढी एकच गोष्ट केली तरी अर्धं काम होतं. रोज, त्याच वेळी, घोडी कोठ्यातून बाहेर काढण्याआधी, दोन्ही पायांवर हात फिरवायचा.

पहाटेच का? आपल्या उन्हात दुपारी कोणताही पाय गरमच लागतो. उन्हाकडे असलेला पाय सावलीतल्या पायापेक्षा जास्त. कामावरून आलेल्या घोड्याचे चारही पाय गरम असतात. सूर्य उगवायच्या आत, रात्रभर उभ्या असलेल्या घोड्याचा पाय मात्र खरं बोलतो. आणखी एक कारण आहे. कामाचा त्रास त्याच दिवशी दिसत नाही. आज जे जास्त झालं ते उद्या पहाटे दिसतं, कधी परवा.

हात असा फिरवा. आधी चांगल्या पायाला, मग दुखऱ्याला. तळहाताला घट्टे पडलेले असतात, म्हणून ऊब पाहायला हाताची पाठ वापरा. गुडघ्यापासून खाली नळीच्या मागून या. शीर दोन बोटांत धरून वरून खाली सोडत जा. ती कडक, गुळगुळीत, पेन्सिलीसारखी लागायला हवी. कुठे जाड होते, कुठे मऊ लागते, कुठे दाबल्यावर घोडी पाय ओढून घेते, ते लक्षात ठेवा. मग पाय उचलून हेच पुन्हा करा, कारण भार नसताना शीर सैल होते आणि लहानशी गाठही सापडते. जुन्या जागी थोडी जाडी कायमची राहते. तिची भीती नाही. कालच्यापेक्षा आज वाढली का, एवढंच बघायचं.

मग खालचा सांधा, जिथे मागे केसांचा झुपका असतो तो. त्याच्या मागच्या कडेला, आतून आणि बाहेरून, बोट हलकं ठेवलं की नाडी लागते. निरोगी पायाची ही नाडी इतकी मंद असते की सापडायला वेळ लागतो. ती बोटाखाली टणटण उडत असेल तर खुरात काहीतरी पेटलं आहे. ही नाडी शोधायला मला आठवडा लागला. घोडी चांगली असतानाच शिकून घ्या, आजारी असताना शिकता येत नाही.

शेवटी खूर. हात लावून चारही खुरांची ऊब ताडून पाहा. नंतर घोडीला दहा-बारा पावलं चालवा, दोन्ही बाजूंनी वळवा. पहिली पावलं आखडून पडतात का, आणि पडली तर किती वेळानं मोकळी होतात, ते बघा.

हे सगळं वहीत लिहायचं. तारीख, काल किती वेळ चालवली, कुठल्या जमिनीवर, आज पाय कसा. आमच्या आबाजींनी कधी वही केली नाही, त्यांना सगळं पाठ असायचं. पण त्यांच्याकडे चार जनावरं होती आणि ते दिवसभर त्यांच्याजवळच असायचे. आपण पेरणी, फवारणी, बँक, पोरांची शाळा यात असतो. आठ दिवसांपूर्वी पाय कसा होता हे आपल्याला आठवत नाही, आपल्याला जे हवं ते आठवतं.

आठवड्यातून एकदा मोबाइलवर व्हिडिओही घ्या. तीच जागा, सपाट आणि कडक. खळं असेल, शाळेचं मैदान असेल, गावातला सिमेंट रस्ता असेल. एकानं दोर सैल धरून घोडी वीस-पंचवीस पावलं सरळ न्यायची, परत आणायची, आधी चालत आणि मग, डॉक्टरांची परवानगी असेल तर, दुडकीनं. दोर घट्ट धरला तर डोकं हलत नाही आणि सगळं झाकलं जातं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर मागून बघा, त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. व्हिडिओ सावकाश चालवला की डोळ्याला न दिसलेली गोष्टही दिसते. डॉक्टरांना पाठवायलाही तो कामी येतो.

दुखतं आहे, पण कुठे?

कामावर परतलेली घोडी दुखते म्हणजे जुनाच पाय दुखतो, असं आपण धरून चालतो. बरेचदा दुखणं भलतीकडेच असतं.

सगळ्यात साधं म्हणजे स्नायूंचं अंग दुखणं. वर्षभर वावरात न गेलेला माणूस एक दिवस निंदण करून आला की दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या भरतात, तसंच. कामानंतर एक-दोन दिवसांनी घोडी आखडून चालते, खांद्यावर किंवा पुठ्ठ्यावर दाबलं की कातडी थरथरते, पण पाय गार असतात आणि दहा मिनिटं चालवली की ती मोकळी होते. यात घाबरायचं काही नाही. त्या दिवशी कालच्याइतकंच किंवा त्याहून कमी चालवा, वाढवू नका.

मागचे दोन्ही पाय खाली सारखेच भरलेले, गार, दुखत नाहीत आणि चालवल्यावर उतरतात, तर ते उभं राहून साचलेलं पाणी. मात्र पावसाळ्यानंतर पायांबरोबर पोटाखालीही सूज असेल, अधूनमधून ताप येत असेल आणि चारा असूनही घोडी वाळत असेल, तर हा दुखापतीचा विषय नाही. गोमाश्यांमुळे होणाऱ्या सर्रा रोगासाठी रक्त तपासून घ्या. आपल्याकडे आश्विन-कार्तिकात हे विसरू नये.

एकच पाय भरला, गरम आहे, जुन्याच जागी आहे: काम थांबलं. यात "दोन दिवस पाहू" नाही.

दुसरा पाय. हा लोकांच्या ध्यानात येत नाही. डावा दुखत होता तेव्हा महिनाभर सगळा भार उजव्यानं उचलला. आता डावा बरा आणि उजवा थकलेला. म्हणून पहाटेचा हात दोन्ही पायांना. दुखापत इतकी मोठी असेल की घोडी त्या पायावर भारच देत नाही, तर चांगल्या पायाच्या खुरात लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराचा दाह, होण्याचा धोका असतो. खूर गरम, नाडी उडती, पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभं राहणं, ही त्याची लक्षणं. अशा काळात खाली तणसाचा किंवा कोरड्या वाळूचा जाड, मऊ थर हवा. फरशीवर उभी करू नका.

पाठ. आरामात पाठीचं मांस उतरतं आणि जुनं खोगीर मग नीट बसत नाही. ते मणक्यावर टेकतं किंवा खांद्याला चावतं, आणि घोडी आखडून चालते. आपण पाय चाचपत बसतो. तंग आवळताना चावायला येते का, पाठीवर बोटं दाबत नेली की घोडी पाठ खाली झुकवते का, हे बघा. खोगिराखाली जाड घडी घालून काही महिने भागतं.

आणि अझोटुरिया, म्हणजे स्नायू आखडून तुटण्याचा आजार. घोडी आठ-दहा दिवस उभी, दाणा मात्र पूर्वीइतकाच, आणि मग एकदम काम. पंधरा-वीस मिनिटांत पावलं आखूड होतात, घाम फुटतो, पुठ्ठा लाकडासारखा कडक होतो, घोडी पाऊल टाकत नाही. लघवी कोऱ्या चहासारखी गडद येते. अशा वेळी "हळूहळू चालवत घरी नेऊ" म्हणाल तर स्नायू आणखी तुटतील आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येईल. जिथे आहे तिथेच उभी ठेवा, सावली करा, पाणी पाजा, डॉक्टरला तिथेच बोलवा. हे टाळायचा उपाय सोपा आहे: काम नाही त्या दिवशी दाणा अर्ध्याहून कमी.

एक ठोकताळा डॉक्टरांनी दिला तो सांगतो. कडक जमिनीवर लंगडणं वाढत असेल तर शंका खुराची किंवा सांध्याची, मऊ जमिनीत वाढत असेल तर शिरेची. दर वेळी तो बरोबर येतोच असं नाही, पण डॉक्टरला फोनवर सांगायला उपयोगी पडतो.

चालवायचं कसं

खाली दिलेलं वेळापत्रक शिरेच्या मध्यम दुखापतीचं आहे आणि डॉक्टरांनी "आता चालवा" म्हटल्यानंतरचं आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं खरं.

पहिले दोन आठवडे हातात दोर धरून सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, नुसतं चालणं. पुढे दर आठवड्याला प्रत्येक वेळेत पाच मिनिटं वाढवा. असं करत आठव्या-नवव्या आठवड्याला एका वेळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं होतात. मग पाठीवर हलका माणूस, पण चाल तीच. पाच-सहा आठवडे असंच. टांग्याचं जनावर असेल तर या टप्प्यावर रिकामा टांगा, सपाट रस्त्यावर.

यानंतर पुन्हा सोनोग्राफी. ती चांगली आली तरच दुडकी: चाळीस मिनिटांच्या चालण्याच्या मध्यात दोन मिनिटं, सरळ रेषेत. दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवत पंधरा-वीस मिनिटांपर्यंत. गोल फिरवणं, पळवणं आणि नाचवणं सगळ्यात शेवटी, सात-आठ महिने उलटल्यावर.

एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची, हा माझा पक्का नियम. वेळ वाढवली तर वजन तेच, वजन वाढवलं तर जमीन तीच, जमीन बदलली तर वेळ कमी. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि पाय भरला तर कशानं भरला हे कळत नाही. आठवड्यातून एक दिवस फक्त थोडं चालणं, बाकी आराम.

जमिनीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या काळ्या मातीबद्दल कुठे लिहिलेलं सापडत नाही. पावसाळ्यात काळी माती खुराला धरते. प्रत्येक पाऊल उपटून काढावं लागतं आणि तो सगळा ताण नळीमागच्या शिरेवर येतो. उन्हाळ्यात त्याच वावराला भेगा पडतात, कधी खूर अडकेल एवढ्या. नांगरटीत ढेकळं. म्हणजे वावर वर्षातले बहुतेक महिने बाद. डांबरी रस्त्यावर नुसतं चालवायला हरकत नाही, उलट सपाट असल्यानं पाऊल नीट पडतं, पण दुडकी डांबरावर नको, हादरा सांध्यांना बसतो. सगळ्यात चांगला दबलेला मुरमाचा रस्ता, कॅनॉलच्या कडेचा किंवा वापरातल्या पांदणीचा, मात्र वर सुटी खडी नको. आधी स्वतः चालून या. धुऱ्यावरून घोडी नेऊ नका. एका बाजूला उतार असला की एकाच बाजूची शीर ताणली जाते.

वेळही आपल्याकडे ऋतूच ठरवतो. मार्चनंतर पहाटे पाच ते सात आणि मग थेट दिवस मावळल्यावर. नवतपात मी घोडी फक्त पाय मोकळे करण्यापुरती काढतो. पारा पंचेचाळिसावर असताना थकलेला घोडा पाऊल जड टाकतो, आणि थकव्यातच शीर तुटते. दम बघायचा असेल तर जबड्याखालची नाडी मोजा. उभ्या घोड्याची मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. काम थांबवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती ६० च्या खाली आली नाही तर आजचं काम जास्त झालं, किंवा कुठेतरी दुखतं आहे.

पाय भरला तर

थंड पाणी, लगेच. मोटारीच्या पाइपाची धार पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, पहिले दोन-तीन दिवस. शेतातली वीज रात्री येत असेल तर हौद भरून ठेवा आणि बादलीनं ओता. नाल्यात गुडघाभर वाहतं पाणी असेल तर घोडी त्यात उभी करा, यापेक्षा स्वस्त आणि चांगलं काही नाही. बर्फ लावायचा तर ओल्या पोत्यात गुंडाळून, उघडा बर्फ कातडीवर नको. नंतर पाय पुसून कोरडा करा, खूर सतत ओला राहिला तर मऊ पडतो आणि पुतळी, म्हणजे तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग, सडायला लागते.

पट्टी बांधायची तर खाली कापसाचा बोटभर जाड, सारखा थर, वर पट्टी, सगळीकडे एकसारखा ताण. पट्टी आणि कापूस यांच्यामध्ये बोट सरकलं पाहिजे. एका जागी आवळलेली पट्टी स्वतःच शिरेला इजा करते. बारा तासांनी सोडून पुन्हा बांधा. शिकल्याशिवाय बांधण्यापेक्षा न बांधलेली बरी.

मग चोवीस तास फक्त आराम, आणि पहाटे पुन्हा हात. सूज आणि ऊब पूर्ण गेली तर दोन आठवड्यांपूर्वीच्या वेळेवर परत जाऊन तिथून सुरू करा. गेली नाही, किंवा घोडी चालताना लंगडते, तर डॉक्टर. पाय टेकतच नसेल, सांध्याजवळ जखम असेल किंवा अंगात ताप (३८.५ अंश सेल्सियसच्या वर) असेल, तर चोवीस तासही थांबू नका.

सुई, बिब्बा आणि डाग

वेदनाशामक देऊन घोडी कामावर न्यायची, हा आपल्याकडचा सगळ्यात महाग पडणारा शहाणपणा आहे. "एक सुई मारून द्या डॉक्टर, आजची वरात होऊन जाऊ द्या." सुईनं दुखणं थांबतं, फट तशीच राहते, आणि पायाला जपणारी घोडी त्याला जपायचं सोडते. औषध चालू असताना पायाची परीक्षाही होत नाही. दोन वेदनाशामकं एकत्र देऊ नका, आणि पाणी कमी पिणाऱ्या घोड्याला तर नकोच. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात.

डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे, ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ पासून. ही औषधं घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. गडचिरोलीकडे अजून गिधाडं आहेत, ती राहू द्या. मेडिकलमधून माणसाची सुई आणून टोचणारे आजही दिसतात, म्हणून हे लिहिलं. मेलॉक्सिकॅमसारखी गिधाडांना न मारणारी औषधं आहेत, डॉक्टर देतील.

बिब्बा लावायचा सल्ला तुम्हाला मिळणारच. आपल्या जंगलातला माल, प्रत्येक घरात एक जाणता. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात, आणि त्या आगीत घोडी आतलं दुखणं विसरल्यासारखी वाटते. डागण्याचंही तेच. डाग दिल्यावर घोडा बरा झाला असं जे दिसतं, ते डागाची जखम भरेपर्यंत मिळालेल्या सक्तीच्या आरामामुळे. आराम डागाशिवायही देता येतो. हळद-मिठाचा लेप किंवा ओल्या मातीचा थर लावायचा तर लावा, गारवा मिळतो, त्याहून जास्त अपेक्षा नको.

नाल आणि तोबरा

आरामाच्या काळात खूर वाढतच असतो. पुढे लांब वाढलेला खूर प्रत्येक पावलाला मागची शीर जास्त ताणतो. म्हणून काम सुरू करायच्या आधी नालबंद, आणि मग दर पाच-सहा आठवड्यांनी. नवी नाल मारल्यावर एक-दोन दिवसांत घोडी लंगडली तर आधी खिळा बघा. तो आतल्या जिवंत भागाजवळ गेला असेल तर काढल्याबरोबर फरक पडतो. आमच्या नालबंद चाचांना मी पायाची वही दाखवतो, ते नाल मारण्याआधी ती वाचतात आणि मग माझ्याशी भांडतात. खुरात खिळा किंवा बाभळीचा काटा गेला असेल तर धनुर्वाताची लस झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

खाण्यात कोरडा चारा हा पाया. वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे तीनशे किलोच्या घोडीला साडेचार ते सहा किलो कडबा-कुटार. दाणा कामाच्या मापानं. आरामातल्या घोडीला तोबरा भरून हरभरा देणं ही माया नव्हे, जाड घोडीचा सगळा भार त्याच पायावर येतो. चोकरात स्फुरद भरपूर आणि चुना कमी असतो, म्हणून नुसत्या चोकरावर ठेवलेल्या घोडीची हाडं कच्ची राहतात. थोडं लसूणघास जोडा. मीठ रोज तीस ग्रॅमच्या आसपास, उन्हाळ्यात घामाप्रमाणे जास्त, आणि पाणी सदैव समोर.

पहिली वरात

दुसऱ्या वेळी आम्ही पुढच्या तुळशीच्या लग्नालाही घाई केली नाही, माघ उजाडू दिला. आता फोनवर बुकिंग घेतानाच तीन गोष्टी बोलतो: अंतर किती, रस्ता कसा, आणि नाचवणार नाही. तिसरी ऐकून निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेल्यांकडून पहिल्या महिन्यात आठवड्याला एकच वरात, तीही अर्ध्या तासाची. नवरदेव चढेपर्यंत घोडी डीजेपासून दूर, मऊ जागी उभी. जाण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं चालवणं, आल्यावर पुन्हा तेवढंच, मग पाण्याची धार.

माघातल्या त्या पहिल्या वरातीच्या दुसऱ्या पहाटेची वहीतली ओळ अशी आहे: "डावा गार. उजवा गार. पहिली चार पावलं आखडून, मग मोकळी. आज फक्त वीस मिनिटं, मुरमाच्या रस्त्यानं."